मँगनीजचा घोडा

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, घरात मटण शिजवणार का हेही विचारलं नाही. त्याआधी बालाघाटात चार घरं पाहिली होती आणि चारही मालकांनी हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले होते. हे गृहस्थ व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही साडेदहाले येतो म्हणले होते. दहा एकोणचाळीस झाले."

रस्ता चुकलो, असं मी सांगितलं.

"चुकले असान. पण लिहा लागते," असं म्हणून त्यांनी शेजारच्या वहीत खरोखरच काहीतरी लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बुद्धिबळ येते?"

"थोडंसं."

"थोडंसंच पाहिजे. बसा."

पंचवीस मिनिटांत मी हरलो आणि खोली मला मिळाली. नागपूरहून एका खासगी शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून आलो होतो, तेव्हा खेळात हरल्याची थोडी लाज वाटली. आपल्याला खोली हरलो म्हणूनच मिळाली, हे कळायला मला दोन महिने लागले.

गावात त्यांना टाइमबाबू म्हणत. मँगनीजच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली होती. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, याचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात. पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, हा त्यांचा खाक्या. त्यात त्यांनी सख्ख्या साळ्यालाही सोडलं नव्हतं. एकदा सायकल पंक्चर झाली आणि ते स्वतः सहा मिनिटं उशिरा पोचले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावापुढे उशीर लिहून स्वतःचा अर्धा दिवस कापला आणि मग संध्याकाळपर्यंत पूर्ण दिवस काम केलं. ही गोष्ट काकू, म्हणजे त्यांची बायको, अजून चिडून सांगत असत.

निवृत्त झाल्यावर खाण सुटली, रजिस्टर सुटलं नाही. दूधवाला, पेपरवाला, नळाचं पाणी, माझं येणं-जाणं सगळं वहीत. माझ्या आईचा फोन आला की मी वर खोलीत बोलत असे आणि खाली उतरल्यावर ते सांगत, "बावीस मिनिटं. मागच्या हप्त्यात अठराच होते. तब्येत ठीक आहे ना आईची?" आता बालाघाट सोडून मला बरेच दिवस झाले, तरी मी फोन केला की ठेवताना ते अजून मिनिटं सांगतात. सुरुवातीला मला या वहीचा भयंकर राग यायचा. नंतर सवय झाली आणि मग एखाद्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

त्यांचा पट सागवानी होता. निवृत्तीच्या वेळी खाणीतल्या सुताराने स्वतःच्या हाताने करून दिलेला. त्यातला एक काळा घोडा काकू व्हरांडा धूत असताना नालीत वाहून गेला. टाइमबाबूंनी त्याच्या जागी मँगनीजचा एक दगड ठेवला. लिंबाएवढा, काळा, चमकदार आणि लिंबाच्या मानाने फारच जड. तो उचलून ठेवला की पट दणकन वाजायचा आणि बाकीचे मोहरे जागच्या जागी थरथरायचे. समोरच्या माणसाला ती चाल चांगली आहे की वाईट, हे कळण्याआधीच धडकी भरायची.

खेळण्याची त्यांची एक रीत होती. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. समोरच्याच्या वजिरावर रोख धरला की तोंडाने सांगायचं, "वजीर." राजाला शह दिला की सांगतो, तसंच. न सांगता वजीर मारणं म्हणजे खिसा कापणं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याशी खेळताना ते म्हणत, "सर, वजीर." मी घाईघाईने वजीर हलवत असे. ते पटाकडे पाहून खेदाने म्हणत, "सर, तिथंही."

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचे व्याही येत. टाइमबाबूंची एकुलती एक मुलगी वारासिवनीला दिली होती. सासरची तांदळाची मिल. व्याही म्हणजे मोठा आवाज, मोठं पोट आणि मोठं मन असलेला माणूस. बाजाराची कामं उरकून अकराच्या सुमारास ते व्हरांड्यात येत, चहा घेत, आणि दोघे खेळायला बसत. पांढरे मोहरे नेहमी व्याह्यांकडे. डाव तासभर चाले आणि दर वेळी व्याही जिंकत. जिंकले की मांडीवर थाप मारून म्हणत, "समधीजी, खेल तर आपला चांगला आहे, पण शेवटी शेवटी गडबडून जाता." टाइमबाबू मान खाली घालून म्हणत, "हौ ना जी. उमर झाली."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चक्रावलो. मला पंचवीस मिनिटांत गुंडाळणारा माणूस या गृहस्थांसमोर असा पडतो, म्हणजे व्याही केवढे खेळाडू असतील, असं वाटलं. त्यांची गाडी वळली आणि खालून हाक आली. "सर, खाली या. तिकडून बसा."

तिकडून म्हणजे व्याह्यांच्या जागेवर. टाइमबाबूंनी पट पुन्हा मांडला आणि नुकताच संपलेला डाव पहिल्या चालीपासून सुरू केला. व्याह्यांच्या सगळ्या चाली त्यांना पाठ. मी फक्त त्या ते सांगतील तशा करायच्या. अठराव्या चालीला ते थांबले. "इथं मी उंट हटवला ना? आता पाहा." आणि उंट न हटवता त्यांनी मँगनीजचा दगड दणकन खाली ठेवला. पुढच्या पाच चालींत मी, म्हणजे व्याही, म्हणजे आम्ही दोघेही, मेलो.

"मग खरोखरचा डाव असा का नाही खेळलात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत खरंच काही शिकवतो की नाही, याची त्यांना शंका आली असावी. "सर, मी पोरीचा बाप आहो. पोराच्या बापाले मात देऊ काय?"

"पण हा खेळ आहे."

"खेळच आहे. म्हणून तं हरतो. आणि सोपं नाही ते. त्याइले समजलं नाही पाहिजे. आपलं डोकं चालवाचं आणि त्याइचंही आपणच चालवाचं. त्याइले जिथं जिंकता येते तिथं हात धरून न्या लागते, आणि हात धरला हे दिसू द्याचं नाही."

तेव्हा मला कळलं की खोली मला का दिली. माझा खेळ व्याह्यांच्या खेळाइतकाच कच्चा होता. दर महिन्याला टाइमबाबू व्याह्यांकडून हरत आणि त्याच दुपारी माझ्याकडून ते सगळं वसूल करत. तीन वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने हरत होतो. दारामागून काकू एकदा म्हणाल्या, "पोरीच्या लग्नापासून, अकरा वर्षं, पाहून राह्यली मी हे नाटक. सरांच्या आधी पोस्टातले एक बाबू राहत होते, ते तं याच्यापायीच बदली मागून गेले."

पोरीचा बाप असण्याचं दुसरंही एक कलम होतं. मुलीच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी ते पाळलं होतं. रामपायलीला दिलेल्या लेकीकडे ते उन्हातून चालत जायचे, ओट्यावर बसून विचारपूस करायचे आणि तसेच तहानलेले परत यायचे. टाइमबाबूंनी त्यात एवढीच सुधारणा केली होती की वारासिवनीला जाताना ते एक निळा थर्मास सोबत नेत. काकूंनी हे कलम पहिल्याच वर्षी फेटाळून लावलं होतं. "ते बापासाठी आहे. मी आई आहो." त्या जाऊन पोटभर जेवून येत आणि घरी येऊन सगळं वर्णन करत, मुद्दाम.

एकदा त्यांची बस चुकली. बस चुकणं ही टाइमबाबूंच्या आयुष्यातली फारच मोठी घटना होती आणि त्यात चूक बसची होती, ती चार मिनिटं आधी सुटली होती. मी त्यांना माझ्या मोटरसायकलवरून वारासिवनीला नेलं. मुलीने, ते तिला बाई म्हणत आणि मी ताई, पातोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या, लालभडक रस्सा, आणि मिलच्या घरचा चिन्नोर तांदळाचा भात. वास पार फाटकापर्यंत आला होता. टाइमबाबू ओट्यावर बसले, थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतून घेतला. ताई ताट घेऊन दारात आली. तिला माहीत होतं की ते घेणार नाहीत, तरी ती घेऊन आली. थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिने ते ताट माझ्यापुढे ठेवलं. मला भूक लागली होती. मी त्या दोघांकडे न पाहता दोन माणसांचं जेवलो.

परतीच्या वाटेवर मागून प्रश्न आला, "पातोडी कशी होती?"

"मस्त."

दोन किलोमीटर गेल्यावर, "तिच्या मायसारखी होती, का जास्त तिखट?"

"तिखट होती."

वैनगंगेचा पूल आला तेव्हा मला वाटलं प्रश्न संपले. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "आणि मीठ? मीठ बरोबर होतं?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो. खरं तर मीठ कसं होतं ते माझ्या लक्षातही नव्हतं. पण त्या प्रश्नानंतर मला फार वाईट वाटलं. या माणसाला आपल्या लेकीच्या हातचं जेवायची इतकी इच्छा आहे आणि हाच थर्मास घेऊन ओट्यावर बसतो, याला काय म्हणावं ते मला कळेना. मी रागाने गाडी जोरात चालवली. घरी पोचल्यावर त्यांनी वहीत लिहिलं की अंतर सात मिनिटं आधी कापलं, आणि हे बरोबर नाही असंही सांगितलं.

मग व्याह्यांच्या हातात नवा मोबाइल आला. ताईने त्यात बुद्धिबळ टाकून दिलं. अकरा वर्षं जिंकत आलेला माणूस मोठ्या उत्साहाने बसला आणि मोबाइलने त्याला पंधरा चालींत हरवलं. त्यांनी सगळ्यात सोपी पायरी निवडली. तिथेही हरले. आठवडाभर हरत राहिले. व्याही भोळे होते, पण मिल चालवणारा माणूस मूर्ख नसतो. जगात आपण एकाच माणसाला हरवू शकतो आणि तो आपला व्याही आहे, याचा अर्थ त्यांना लागला.

त्या महिन्यात ते रविवारची वाट न पाहता मंगळवारीच आले. मी शाळेतून आलो तेव्हा व्हरांड्यात त्यांचा आवाज चढला होता.

"अकरा साल मले येडा बनवलं तुम्ही. लहान लेकराले खेळवते तसं खेळवलं."

"तसं नाही जी. मी पोरीचा बाप..."

"पोरीचा बाप, पोरीचा बाप. माह्या घरी पाणी नाही पित, पोरीचा बाप. माह्यासंग खेळत नाही, पोरीचा बाप. मंग माह्याशी संबंध काय तुमचा?" खिशातून त्यांनी एक कागद काढला. गावातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने बुद्धिबळ स्पर्धा ठेवली होती, त्याचा तो अर्ज. "मी दोघांचंही नाव देऊन आलो. आता सगळ्याइच्या समोर खेळू. मी जिंकलो तं रविवारी माह्या घरी येऊन, पाटावर बसून जेवाचं. तुम्ही जिंकले तं जिंदगीभर थर्मास आणा, मी एक शब्द बोलणार नाही."

टाइमबाबूंनी अर्जावरची तारीख आणि वेळ वाचली.

"आणि समधीजी, मुद्दाम गलत चाल केली तं आता मले समजते. तसं केलं तं मी पुन्हा या व्हरांड्यात पाय ठेवणार नाही."

ते गेले आणि टाइमबाबू पटासमोर बसून राहिले. जिंकावं तर पोराच्या बापाला चारचौघांत मात दिली असं होणार. हरावं तर लेकीच्या घरी जेवावं लागणार. आणि मुद्दाम हरावं तर व्याही तुटणार. दोन्ही कलमं पोरीच्या बापाची आणि दोन्ही एकमेकांच्या आड आलेली. काकूंनी दारातून ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." त्या आठवड्यात वहीत दुधाची वेळ तीनदा लिहायची राहिली.

आता मला माझा गुन्हा सांगायला हवा. खेळाचा शिक्षक म्हणून त्या स्पर्धेचा पंच मीच होतो. सोळा खेळाडू, हरला तो बाहेर, आणि पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून. स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्याही माझ्या खोलीवर पाच किलो चिन्नोर तांदूळ घेऊन आले. "सर, पहिल्याच राऊंडले आमची जोडी निघाली पाहिजे. दुसऱ्या राऊंडपर्यंत मी काही टिकत नाही." तांदूळ आणले नसते तरी मी हे केलंच असतं, कारण मलाही तो डाव पाहायचा होता. तरीपण तांदूळ मी ठेवून घेतले. व्याह्यांच्या नावामागून टाइमबाबूंची चिठ्ठी मी करंगळीत धरून काढली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

हॉलमध्ये आठ टेबलं, प्लास्टिकचे मोहरे, आणि प्रत्येक टेबलावर दोघांची वेळ वेगवेगळी दाखवणारं घड्याळ. प्रत्येकाला तीस मिनिटं. आपली चाल झाली की बटण दाबायचं, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. वेळ संपली तो हरला, पटावर काहीही असो. हे मी सगळ्यांना दोनदा समजावलं. टाइमबाबूंनी हात वर करून विचारलं, "सेकंद दाखवते काय?" दाखवतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खिशातून मँगनीजचा दगड काढून काळ्या घोड्याच्या जागी ठेवला. मला तो हटवायला सांगावा लागला. त्यांनी तो हातात धरला. निळा थर्मास खुर्चीखाली होता. मागच्या ओळीत काकू आणि ताई येऊन बसल्या होत्या. ताईला बुद्धिबळ येत नव्हतं, पण या डावावर काय लागलं आहे ते तिला त्या हॉलमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

डाव सुरू झाला. व्याह्यांनी पहिली चाल केली आणि बटण दाबायला विसरले. त्यांचीच वेळ चालू राहिली. टाइमबाबूंना ते सहन होईना. "समधीजी, घड्याळ दाबा."

मी पुढे होऊन म्हणालो, "काका, खेळताना बोलायचं नाही. समोरच्याला दोन मिनिटं वाढवून देतोय."

"हौ सर. बरोबर आहे. लिहून घ्या," ते म्हणाले. चुकीची शिक्षा झाली म्हणून ते जरा खूशच दिसले.

दहाव्या चालीच्या सुमारास त्यांनी उंट पुढे आणला आणि तोंडातून शब्द निघून गेला, "वजीर." शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दचकून स्वतःचा वजीर हलवला. मी आणखी दोन मिनिटं व्याह्यांच्या घड्याळात टाकली आणि सांगितलं की तिसऱ्यांदा बोलले तर डाव जाईल. एरवी मला खाली बोलावून हरवणाऱ्या माणसाला दटावताना बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

पुढे पुन्हा तीच वेळ आली. व्याह्यांचा वजीर उघडा पडला. टाइमबाबूंनी रुमाल तोंडावर दाबला आणि डोळे मोठे करून त्या वजिराकडे असं पाहिलं की आंधळ्यालाही समजावं. व्याह्यांना समजलं. त्यांनी वजीर हलवला नाही. दुसऱ्या टोकाचं एक प्यादं एक घर सरकवलं आणि या वेळी घड्याळाचं बटण न विसरता दाबलं. मारायचा असेल तर मारा, असा त्याचा सरळ अर्थ होता.

टाइमबाबूंनी वजीर मारला. चेहरा सुतकी होता. पण त्यानंतर त्यांची पाठ ताठ झाली. व्हरांड्यात व्याह्यांसमोर बसणारा वाकलेला माणूस तिथे उरला नव्हता. मोहरे एकामागून एक जागेवर येऊ लागले. मला ते सगळं ओळखीचं होतं, मी त्यात कितीतरी वेळा मेलो होतो. मला त्यांचा फार अभिमान वाटला. अकरा वर्षं मनात खेळलेला डाव हा माणूस पहिल्यांदा हाताने खेळत होता. व्याहीसुद्धा घामाघूम होऊन, पण आनंदाने हरत होते. कोणी आपल्याशी खरं खेळतंय, हे त्यांना समजत होतं.

मग ती जागा आली. काळ्याची चाल. घोडा एका घरात ठेवायचा, की मात. दुसरं काही बघायचं नव्हतं. माझ्याइतका कच्चा खेळाडूही ते पाहू शकत होता. टाइमबाबूंच्या घड्याळात नऊ मिनिटं बाकी होती.

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि घड्याळाकडे पाहू लागले.

आधी मला वाटलं, चाल तपासत असतील. आठ मिनिटं राहिली. सात राहिली. बाकीचे डाव संपले आणि माणसं या टेबलाभोवती जमली. बैहरहून आलेले एक निवृत्त रेंजर कळवळून म्हणाले, "अरे बाबूजी, घोड़ा..." मी त्यांना हाताने गप्प केलं. पाच मिनिटं राहिली तेव्हा टाइमबाबूंनी मागच्या ओळीकडे पाहिलं. ताई पटाकडे पाहतच नव्हती. ती खुर्चीखालच्या थर्मासकडे पाहत होती. टाइमबाबूंनी मान वळवली आणि दगड धरलेली मूठ घट्ट केली.

एक मिनिट राहिलं. व्याही पुढे वाकले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "समधीजी, टाइम."

"पाहून राह्यलो," टाइमबाबू म्हणाले.

नियमाप्रमाणे दोघेही बोलले होते आणि मी काहीतरी करायला हवं होतं. मी काही केलं नाही. घड्याळावर सगळी शून्यं आली. वेळ संपल्यामुळे काळे हरले, पांढरे जिंकले, एवढं मी सांगितलं.

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली नाही. त्यांनी टाइमबाबूंचा काळा घोडा उचलला, त्या घरात ठेवला, थोडा वेळ पाहिलं आणि आपला राजा आडवा केला. मग उठून मोठ्याने म्हणाले, "रविवारी, बारा वाजता. थर्मास घरी ठेवाचा." दुसऱ्या फेरीत रेंजरसाहेबांनी त्यांना बारा चालींत हरवलं. जाताना व्याही मला म्हणाले, "चाल एकही गलत नव्हती, सर. मी काय म्हणू? मी काहीच म्हणू शकत नाही." आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मोटरसायकलवर परत येताना मी विचारलं, "काका, खरं सांगा. घोडा दिसला नव्हता का?"

ते मागून म्हणाले, "सर, तीस वर्षं रजिस्टर लिहिलं मी. एका मिनिटाची चूक झाली नाही."

रविवारी आम्ही तिघे बसने वारासिवनीला गेलो, पण थर्मास नसल्यामुळे टाइमबाबू चौथं कोणीतरी मागे राहिल्यासारखे सारखे वळून पाहत होते. बाराला पाच कमी असताना पोचलो आणि ते पाच मिनिटं फाटकाबाहेर उभे राहिले. आत पाट मांडले होते. व्याह्यांनी हात धरून त्यांना बसवलं. ताईने वाढलं. पातोडी, भात, आंबाडीची भाजी, वडे. वाढताना रस्सा थोडा सांडला. काकू दुसरीकडे पाहत होत्या.

टाइमबाबूंनी पातोडीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. कोणी जेवेना, सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. ते चावत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"सर, मीठ कमी आहे. तुम्ही तं बरोबर आहे म्हणले होते."

"मामाजींले बीपी आहे, बाबा," ताई सासऱ्यांकडे हात करून म्हणाली. "पहिल्या वर्षापासून मीठ कमीच टाकतो आम्ही. तुमाले कसं माहीत राहील?" असं म्हणून ती हसली आणि मग तिला रडू आलं.

टाइमबाबूंनी डावा हात खिशात घातला. मला वाटलं रुमाल काढतील. त्यांनी वही काढली, पेन काढलं, घड्याळ पाहिलं आणि उष्टा हात तसाच धरून डाव्या हाताने वेडंवाकडं काहीतरी लिहिलं. माझा पाट शेजारीच होता, मी वाकून पाहिलं. तारीख होती, बारा वाजून चौदा मिनिटं ही वेळ होती, पुढे 'जेवण, बाईकडे' असं होतं, आणि उशिराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'अकरा वर्षं.'

मग वही बंद करून त्यांनी ताट पुढे सरकवलं. "बाई," ते म्हणाले, "भात वाढ."